वाचकांचे प्रश्न : ओढशक्ती भरपूर, वाफ अपुरी

गेल्या अंकात वाफेच्या इंजिनांविषयी लिहिताना ब्रिटनमधील लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या, म्हणजे एल.एम.एस.च्या, ‘दोन-सहा-दोन’ रचनेच्या टँक इंजिनांचा आम्ही ‘फसलेली इंजिने’ असा एका ओळीत उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रे इतकी नेमकी आहेत, की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहोत.

प्रश्न : ही इंजिने फसली असे आपण म्हणता, मग त्यांची संख्या दोनशेच्या वर कशी गेली? फसलेली वस्तू कोणी दोनशे वेळा बनवते का? टँक इंजिन म्हणजे नेमके काय, हेही सांगावे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी सतत लागते. लांब पल्ल्याच्या इंजिनामागे त्यासाठी टेंडर नावाचा वेगळा डबा जोडलेला असतो. टँक इंजिनाला टेंडर नसतो. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना आणि कोळसा ड्रायव्हरच्या खोलीमागील कप्प्यात, असा सारा संसार एकाच चौकटीवर असतो. असे इंजिन मागेपुढे दोन्ही दिशांना सारख्याच सोयीने धावते आणि शेवटच्या स्थानकावर ते फिरवून घ्यावे लागत नाही, म्हणून उपनगरी गाड्या, लहान फाटे आणि शंटिंग यांसाठी ते सोयीचे. नेरळ-माथेरान मार्गावरची जुनी वाफेची इंजिने याच जातीची होती. ‘दोन-सहा-दोन’ हा चाकांचा हिशेब आहे : पुढे दोन लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी सहा मोठी चाके आणि मागे पुन्हा दोन लहान चाके.

आता संख्येविषयी. ही इंजिने एका दमात बनलेली नाहीत. पहिली सत्तर इंजिने १९३० ते १९३२ या काळात डर्बीच्या कारखान्यात तयार झाली. मुख्य यांत्रिक अभियंता सर हेन्री फाउलर यांच्या नावाने ती ओळखली जातात. त्यानंतर विल्यम स्टॅनियर त्या पदावर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९३५ ते १९३८ दरम्यान, त्याच मापाची परंतु वेगळ्या बॉयलरची आणखी १३९ इंजिने डर्बी आणि क्रू येथे बांधली गेली. एकूण २०९. म्हणजे चूक एकदा झाली आणि मग नव्या माणसाच्या हातून, नव्या कपड्यांत, दुपटीने झाली. माझ्या मते या इंजिनांच्या इतिहासातली खरी विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. पहिल्या सत्तरांचे अपयश त्यामानाने साधे आहे.

त्या काळची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. १९२१ च्या कायद्यानुसार १९२३ साली ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांमध्ये विलीन झाल्या आणि त्यांपैकी एल.एम.एस.च्या वाट्याला दहा हजारांहून अधिक इंजिने आली, तीही जवळपास चारशे निरनिराळ्या प्रकारांची. सुटे भाग वेगळे, बॉयलर वेगळे, दुरुस्तीच्या पद्धती वेगळ्या. हा पसारा आवरण्यासाठी कंपनीला थोड्या प्रमाणित प्रकारांची मोठ्या संख्येने गरज होती. मध्यम ताकदीचे, वजनाला हलके, हलक्या रुळांवर आणि जुन्या पुलांवरही चालेल असे टँक इंजिन ही त्यातली एक उघड गरज होती. गरज खरी होती. ती भागवण्यासाठी जे इंजिन आखले गेले त्यात खोट होती.

डर्बी ही पूर्वीच्या मिडलँड रेल्वेची राजधानी. तिथल्या आरेखन कार्यालयाची लहान इंजिनांवर पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती : गाड्या हलक्या ठेवाव्या, वारंवार सोडाव्या आणि गाडी जड झालीच तर दोन इंजिने लावावी. विलीनीकरणानंतर नव्या कंपनीत या कार्यालयाचा शब्द बराच काळ चालला. फाउलर यांच्या नावावर जे खपते त्यातले बरेचसे या कार्यालयाचे काम आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर साऱ्याच दोषांचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटते. आश्चर्य असे, की याच कार्यालयाने १९२७ साली ‘दोन-सहा-चार’ रचनेचे एक टँक इंजिन काढले होते आणि ते उत्कृष्ट ठरले होते. १९३४ पर्यंत त्याच्या १२५ प्रती निघाल्या. लहान इंजिन हे त्याचेच धाकटे भावंड म्हणून आखले गेले.

प्रश्न : मी यांत्रिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. तक्त्यांमध्ये या इंजिनांची ओढशक्ती २१,४८६ पौंड दिली आहे आणि स्टॅनियर यांच्या नावाजलेल्या दोन सिलिंडरच्या दोन-सहा-चार इंजिनाची सुमारे २४,६७० पौंड. फरक जेमतेम तेरा टक्क्यांचा आहे. मग एक इंजिन यशस्वी आणि दुसरे अपयशी, असा जमीन-अस्मानाचा निवाडा कसा होऊ शकतो? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तराचे निम्मे काम झाले आहे, कारण आपण बोट ठेवले आहे ते नेमके फसव्या आकड्यावर. ओढशक्तीचे ब्रिटिश सूत्र असे : सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले पिस्टनची चाल (म्हणजे तो एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरकतो ते अंतर), गुणिले बॉयलरच्या दाबाचे पंच्याऐंशी टक्के, भागिले ओढणाऱ्या चाकाचा व्यास. या इंजिनाचे सिलिंडर १७.५ इंच व्यासाचे, चाल २६ इंच, दाब दर चौरस इंचाला २०० पौंड आणि चाके ५ फूट ३ इंच, म्हणजे ६३ इंच. हिशेब करून पाहिला तर बरोबर २१,४८६ पौंड येतात. फाउलर आणि स्टॅनियर या दोन्ही प्रकारांची ही मापे एकच असल्यामुळे आकडाही एकच आहे.

आता हे सूत्र पुन्हा वाचून पाहावे. त्यात बॉयलरचा दाब आहे, पण बॉयलर नाही. त्यात शेगडी किती मोठी, पाणी तापवणाऱ्या नळ्यांचे क्षेत्रफळ किती, तासाला वाफ किती निघते, यांपैकी कशाचाही पत्ता नाही. गाडी जागेवरून हलवण्याच्या क्षणी, दाब पूर्ण भरलेला असताना, चाकांच्या कडेशी किती जोर मिळेल एवढेच ते सांगते. त्यानंतरच्या दहाव्या मिनिटाला काय होईल याविषयी ते मुके आहे. चाके फिरू लागली की प्रत्येक फेरीला सिलिंडर चार वेळा वाफ घेतात, वेग वाढला की ती मागणी वाढत जाते, आणि मग इंजिनाची कुवत सिलिंडरवर नव्हे तर बॉयलरवर ठरते. पंगत मोठी आणि चूल लहान असली तर पहिली वाढप थाटात होते, दुसऱ्या वाढपाला भात शिजलेला नसतो. या इंजिनांचे तेच होत होते.

शेगडीचे क्षेत्रफळ पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. फाउलर यांच्या दोन-सहा-चार इंजिनाची शेगडी २५ चौरस फुटांची होती, तर दोन-सहा-दोनची सुमारे साडेसतरा. म्हणजे आपण काढलेला ओढशक्तीतला फरक तेरा टक्के; फाउलर यांच्याच दोन इंजिनांची तुलना केली तर तो आणखी कमी, सात टक्क्यांच्या आसपास भरतो; परंतु जिथे कोळसा जळतो तिथला फरक तीस टक्के. मोठे इंजिन सुमारे ८६ टनांचे होते आणि लहान सुमारे ७१ टनांचे. पंधरा टन वाचवण्याच्या नादात कात्री चालली ती बॉयलरवर. सिलिंडर मात्र भुकेलेच राहिले.

उपनगरी गाडीचे काम वरवर हलके वाटते, प्रत्यक्षात ते बॉयलरची सर्वांत कठोर परीक्षा घेते. दर दोन-तीन मैलांवर थांबा, दर थांब्यानंतर पूर्ण जोर लावून वेग घेणे, आणि वेळापत्रकात श्वास घ्यायलाही फट नाही. प्रत्येक वेळी वेग घेताना वाफ भराभर खर्च होते आणि पुढच्या थांब्यापर्यंत ती भरून निघाली पाहिजे. शेगडी लहान असेल तर तिच्यातून जास्त हवा ओढून कोळसा जोराने जाळावा लागतो, आणि तसे केले की अर्धवट जळलेला कोळसा धुराड्यातून बाहेर उडू लागतो. म्हणजे जास्त जाळूनही वाफ त्या प्रमाणात वाढत नाही. त्यातच बॉयलरमधले पाणी कमी होत असते. इंजेक्टर सुरू करून पाणी भरावे तर थंड पाण्याने दाब घसरतो, आणि दाब राखावा तर पाण्याची पातळी घसरते. फायरमनला या दोहोंतून एक निवडावे लागते. दाब २०० वरून १५० वर आला, तर आपल्याच सूत्राप्रमाणे २१,४८६ पौंडांचे साधारण १६,१०० पौंड होतात, आणि तक्ता मात्र आपल्या जागी तसाच छापलेला राहतो.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून सुटणाऱ्या उपनगरी गाड्यांवर फाउलर यांची इंजिने होती आणि त्यांपैकी काहींना मूरगेटपर्यंतच्या भुयारी मार्गासाठी वेगळी यंत्रणा बसवली होती. भुयारात वाफेचे ढग कोंडू नयेत म्हणून सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ धुराड्याऐवजी पाण्याच्या टाक्यांकडे वळवली जाई आणि तिथे ती थंड होई. इथे आणखी एक अडचण आहे. वाफेच्या इंजिनात भट्टीला हवा मिळते ती मुळात याच बाहेर पडणाऱ्या वाफेच्या झोतामुळे. ती वळवली की भट्टीचा ओढा मंदावतो. ज्याची शेगडी आधीच अपुरी, त्याच्याकडून हे कामही करून घेतले गेले.

आपल्या वाचकांना एक तारीख आठवण्यासारखी आहे. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. त्यानंतर पाच वर्षांनी एल.एम.एस.ने लंडनच्या उपनगरी वाहतुकीसाठी वाफेची ही नवी टँक इंजिने घडवायला घेतली. एल.एम.एस.चे लंडनमधले काही मार्ग तेव्हा विजेवर आलेले होते, हे खरे. सेंट पँक्रासच्या प्रवाशांना मात्र वाफेवर आणखी तीन दशके काढावी लागली.

प्रश्न : स्टॅनियर हे मोठे अभियंता मानले जातात. सत्तर इंजिनांचा वाईट अनुभव समोर असताना त्यांनी तीच मापे कायम का ठेवली? ते भारतात आले होते असेही वाचले आहे. ते खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. १९३६-३७ च्या हिवाळ्यात भारतीय रेल्वेच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या वेजवुड समितीचे सदस्य म्हणून ते भारतात होते. एल.एम.एस.च्या प्रसिद्ध ‘कॉरोनेशन’ इंजिनांच्या आरेखनाचे बरेचसे काम त्याच काळात, त्यांच्या अनुपस्थितीत, मुख्य आरेखक टॉम कोलमन यांनी पार पाडले. पुढे १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे एक्स.बी. जातीच्या इंजिनाची गाडी रुळांवरून घसरून शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्या जातीच्या इंजिनांची तपासणी करण्यासाठी कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिच्यातही स्टॅनियर होते. दुसऱ्यांच्या इंजिनांतले दोष शोधायला ज्यांना समुद्रापार बोलावले जात होते, त्यांच्याच कारखान्यांतून त्या वर्षांत सदोष टँक इंजिने बाहेर पडत होती, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

पहिला प्रश्न अवघड आहे. स्टॅनियर १ जानेवारी १९३२ रोजी एल.एम.एस.मध्ये दाखल झाले ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन कारखान्यातून. तिथले अभियंता चर्चवर्ड यांनी १९०३ सालीच दोन-सहा-दोन टँक इंजिनाचा नमुना तयार केला होता आणि त्यातून निघालेली इंजिने त्या मार्गाचा कणा बनली होती. स्विंडनचे १९३१ चे ६१०० मालिकेतले इंजिन पाहावे : दाब २२५ पौंड, पिस्टनची चाल ३० इंच, शेगडी वीस चौरस फुटांच्या थोडी वर, वजन सुमारे ७८ टन आणि ओढशक्ती २७,३४० पौंड. लंडन परिसरातल्या अगदी याच प्रकारच्या कामासाठी ते बनले होते आणि ते काम त्याने चोख केले. म्हणजे स्टॅनियर यांना चांगले दोन-सहा-दोन इंजिन कसे असते हे ठाऊक होते.

तरीही त्यांनी डर्बीच्या आराखड्यातली सिलिंडर, चाके आणि दाब ही मुख्य मापे जशीच्या तशी ठेवली आणि वर स्विंडनच्या वळणाचा, भट्टीकडून धुराड्याकडे निमुळता होत जाणारा बॉयलर बसवला. नव्या प्रमुखासमोर तेव्हा द्रुतगती इंजिनांचा, मालगाड्यांचा, कारखान्यांच्या पुनर्रचनेचा डोंगर होता आणि लहान टँक इंजिन त्यांच्या यादीत वरच्या स्थानी असणे शक्य नव्हते. तयार आराखड्याची डागडुजी करून वेळ निभावून नेली गेली, असे माझे मत आहे. कागदावर हा बॉयलर आधुनिक होता. परंतु शेगडी जवळपास होती तेवढीच राहिली, आणि त्यात भर म्हणून स्विंडनची आणखी एक सवय सोबत आली.

ही सवय होती वाफ कमी तापवण्याची. बॉयलरमधून निघालेली ओली वाफ पुन्हा नळ्यांतून फिरवून तापवली, तर ती सिलिंडरच्या थंड भिंतींवर पाणी होऊन वाया जात नाही आणि तेवढ्याच कामाला कमी वाफ पुरते. स्विंडनमध्ये वाफ बेताचीच तापवत, कारण फार तापलेल्या वाफेत वंगणाचे तेल करपते अशी तिथली धारणा होती, आणि उत्तम वेल्श कोळसा व सढळ बॉयलर यांच्या बळावर त्यांचे निभत होते. एल.एम.एस.ला तो कोळसा मिळत नव्हता. याचा पहिला फटका १९३४ च्या ‘ज्युबिली’ जातीच्या द्रुतगती इंजिनांना बसला. शंभराहून अधिक इंजिनांची मागणी एकही नमुना न तपासता, थेट आराखड्यावरून दिली गेली होती, आणि वाफेअभावी त्यांची सुरुवात लाजिरवाणी झाली. तिथे मात्र दुरुस्ती वेगाने झाली : वाफ तापवणाऱ्या नळ्यांची संख्या वाढली, बाहेर पडणारी वाफ धुराड्यात सोडणाऱ्या झोताच्या नळीची मापे बदलली, बॉयलर बदलले, आणि ज्युबिली सुधारल्या. टँक इंजिनांचे बॉयलरही पुढच्या तुकड्यांत बदलत गेले, परंतु त्यांचा मूळ दोष नळ्यांपुरता नव्हता. ज्या बॉयलरची शेगडीच अपुरी, त्याच्या वाफेचा कस वाढवून थोडेबहुत साधते, इंजिनाचा स्वभाव पालटत नाही. १९४१ च्या सुमारास मोजक्या इंजिनांना किंचित मोठे बॉयलर बसवून पाहिले. तो प्रयोग मोजक्यांपुरताच राहिला.

द्रुतगती गाडी उशिरा आली तर वर्तमानपत्रात पत्रे येतात आणि संचालकांच्या बैठकीत विचारणा होते. संध्याकाळची उपनगरी गाडी सात मिनिटे उशिरा आली तर प्रवासी घरी जाऊन जेवतो. ज्युबिलींची दुरुस्ती तातडीने झाली आणि टँक इंजिनांची झाली नाही, यामागचे निम्मे कारण मला यातच दिसते. उरलेले निम्मे असे, की या इंजिनांना बदली मिळाली. स्टॅनियर यांची दोन-सहा-चार इंजिने, १९३४ ची तीन सिलिंडरची ३७ आणि १९३५ पासून दोन सिलिंडरची २०६, अतिशय गुणी निघाली. जिथे जड काम असे तिथे ती गेली आणि दोन-सहा-दोन इंजिने हलक्या फाट्यांवर, युस्टन स्थानकात रिकामे डबे आणून लावण्याच्या कामावर, शंटिंगवर सरकत गेली. त्या कामांत त्यांच्याविरुद्ध फारशी तक्रार करता येत नाही. ती बिघडणारी किंवा धोकादायक इंजिने नव्हती. ज्या कामासाठी त्यांना ताकदीच्या तिसऱ्या श्रेणीचा दर्जा दिला होता (श्रेणीचा आकडा मोठा, तितके इंजिन ताकदवान) ते काम त्यांना पेलत नव्हते, एवढेच.

प्रश्न : मी भुसावळ येथे फायरमन म्हणून उमेदवारी केली आहे. वाफ न धरणारे इंजिन शेडमध्ये आले, की आम्ही आधी झोताची नळी आणि धुराडे एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहत असू. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडे. या इंजिनांच्या बाबतीत इतका साधा उपाय कोणाला सुचला नाही का? बॉयलरच लहान होता हे आपण कशावरून ठरवता? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : आपला आक्षेप अनुभवाचा आहे आणि त्याला आधार देणारे उदाहरण एल.एम.एस.च्याच घरात आहे. कंपनीचे शेवटचे मुख्य यांत्रिक अभियंता आयव्हॅट यांनी १९४७ साली काढलेल्या चौथ्या श्रेणीच्या दोन-सहा-शून्य टेंडर इंजिनांना जोडधुराडे होते आणि ती वाफ धरत नव्हती. चाचण्यांनंतर जोडधुराडे काढून साधे बसवले आणि इंजिने ताळ्यावर आली. तिथे बॉयलर निर्दोष होता, दोष फक्त झोतात होता. म्हणून वाफ कमी पडली की बॉयलरला दोषी धरावे, असे कोणी म्हणू नये.

दोन-सहा-दोन टँक इंजिनांच्या बाबतीत मात्र बॉयलरवर ठपका ठेवायला दोन बाजूंनी पुरावा आहे, आणि दोन्ही पुरावे नंतर बांधल्या गेलेल्या इंजिनांनी दिले आहेत.

पहिला पुरावा आयव्हॅट यांच्याच १९४६ च्या दोन-सहा-दोन टँक इंजिनाचा. त्याची शेगडी साडेसतरा चौरस फुटांची, म्हणजे फाउलर यांच्या इंजिनाएवढीच. परंतु त्याचे सिलिंडर १६ इंच व्यासाचे आणि चाल २४ इंच; एका वेळी लागणारी वाफ सुमारे पाव हिस्सा कमी. ओढशक्ती १७,४०० पौंडांच्या आसपास, वजन सुमारे ६३ टन, आणि दर्जा प्रामाणिकपणे दुसऱ्या श्रेणीचा. या इंजिनाने नाव कमावले. १९५२ पर्यंत १३० इंजिने बांधली गेली आणि ती स्कॉटलंडपासून दक्षिण इंग्लंडपर्यंत वापरली गेली. शेगडी तीच ठेवून भूक कमी केली, तर इंजिन चालते.

दुसरा पुरावा याच्या उलट बाजूने येतो आणि तो मला अधिक निर्णायक वाटतो. राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने १९५२ ते १९५५ या काळात स्विंडन येथे तिसऱ्या श्रेणीची ४५ प्रमाणित दोन-सहा-दोन टँक इंजिने बांधली, ज्यांचे क्रमांक ८२००० पासून सुरू होतात. त्यांची मापे पाहावीत : सिलिंडर १७.५ इंच, चाल २६ इंच, दाब २०० पौंड, चाके ५ फूट ३ इंच. एकाही मापात फरक नाही. ओढशक्तीही अर्थातच तीच. मात्र बॉयलर होता ग्रेट वेस्टर्नच्या क्रमांक दोनच्या बॉयलरचे साचे वापरून, लांबी थोडी कमी करून केलेला, आणि शेगडी वीस चौरस फुटांच्या थोडी वर. वजन सुमारे ७४ टन. हे इंजिन तिसऱ्या श्रेणीचे काम सहज करू शकत होते. सिलिंडर, चाल, दाब, चाके सारे तेच ठेवून फक्त बॉयलर बदलला आणि निकाल बदलला. प्रयोगशाळेतही याहून स्वच्छ तुलना क्वचितच हाती लागते. डर्बीचा आराखडा तीन टनांनी जड व्हायला तयार असता, तर ती २०९ इंजिने उपयोगी पडली असती.

आता आपण सुचवलेल्या उपायाविषयी. झोताची नळी नीट आखून या इंजिनांतून आणखी काही वाफ निघाली असती, यात मला शंका नाही. स्विंडनमध्ये एल नावाच्या अभियंत्यांच्या हाताखाली झालेल्या चाचण्यांनी १९५० च्या आसपास इतर लहान इंजिनांच्या बाबतीत ते सिद्धही केले. परंतु तोवर वेळ टळली होती. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने वाफेचा निरोप ठरवून टाकला आणि डिझेलच्या डबेगाड्यांनी पहिला घास घेतला तो नेमका उपनगरी आणि फाट्यांवरच्या कामाचा. जी इंजिने सर्वांत आधी भंगारात जाणार, त्यांच्यावर पैसा खर्च करायला कोण तयार होणार?

प्रश्न : यांपैकी एखादे इंजिन आज पाहायला मिळते का? माझी कन्या इंग्लंडमध्ये असते, म्हणून विचारते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. १९६२ अखेर ही सर्व इंजिने सेवेतून गेली आणि दोन्ही प्रकारांतले एकही जतन झाले नाही. ब्रिटनमध्ये वाचलेली बरीचशी इंजिने साउथ वेल्समधल्या बॅरी येथील भंगारखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे हौशी मंडळींच्या हाती लागली. ही इंजिने तोवर वितळून गेली होती.

त्यांच्या नात्यातली इंजिने मात्र आहेत. स्टॅनियर यांच्या तीन सिलिंडरच्या मालिकेतले पहिले, क्रमांक २५००, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आयव्हॅट यांची चार दोन-सहा-दोन टँक इंजिने शिल्लक आहेत. त्यांपैकी ४१२४१ यॉर्कशरमधल्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेचे आहे आणि ४१३१३ आयल ऑफ वाइटवर आहे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या लेकसाइड अँड हॅवर्थवेट मार्गावर मोठ्या दोन-सहा-चार घराण्यातली, स्टॅनियर यांच्यानंतर फेअरबर्न यांच्या काळात निघालेल्या प्रकाराची, दोन इंजिने आहेत. १९५२ च्या प्रमाणित मालिकेतलेही मूळ इंजिन उरलेले नाही, परंतु त्या मालिकेचा शेवटचा क्रमांक ८२०४४ होता हे लक्षात घेऊन हौशी अभियंत्यांनी ८२०४५ क्रमांकाचे संपूर्ण नवे इंजिन सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या ब्रिजनॉर्थ येथे घडवायला घेतले आहे. आपल्या कन्येला ब्रिजनॉर्थ सोयीचे असेल तर तिने तिथे अवश्य जावे. सिलिंडर आणि चाकांच्या मापांपुरते ते आपल्या या फसलेल्या इंजिनांसारखेच आहे; बॉयलर मात्र पुरेसा मोठा आहे.